घरटं मुलांनी करायचं, भरायचं आपण

"ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनला आलो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. गेल्या ईस्टरला वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना घरी खाऊ-खेळण्यांच्या बास्केट मिळाल्या, आपल्याला का नाही म्हणून लेक रडली, मग मी घाईघाईत तयार दोन बास्केट आणल्या, एकेक ३५ डॉलरची, वरून सेलोफेन आणि आत निम्मा पुठ्ठा. दोन दिवसांत सगळं घरभर पसरलं आणि अर्ध्या गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. यंदा शेजारच्या पोलिश आजींनी मुलांना एग हंटला, म्हणजे लपवलेली अंडी शोधायच्या खेळाला, बोलावलंय. आम्ही अंडंही खात नाही. जावेचा पाच वर्षांचा मुलगा येणार आहे, त्याला काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या म्हणतात हा आपला सण नाही, हे कशाला. नवरा म्हणतो खरा ससाच आणू या, मुलं खूश होतील. मला साधं आणि मनापासून काहीतरी करायचंय. काय ठेवू, किती ठेवू?
— एडिसनची आई"

अगं, सगळ्यात आधी नवऱ्याला सांग, ससा आणायचा नाही. बाकी सगळ्यावर निवांत बोलू, यावर मात्र मी ठाम आहे. ससा आठ-दहा वर्षं जगतो, नीट ठेवला तर बारासुद्धा, म्हणजे आज तीन वर्षांचा असलेला तुझा मुलगा हायस्कूलला जाईल तेव्हाही तो घरात असू शकतो. त्याला रोज काही तास मोकळं हिंडायला जागा लागते, वाळलेलं गवत सतत चघळायला लागतं कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि मुख्य म्हणजे बहुतेक सशांना उचललेलं अजिबात आवडत नाही. तीन वर्षांचं पोर उचलल्याशिवाय राहणार आहे का? ससा झटापट करतो, हातातून सटकतो, आणि त्याचा कणा इतका नाजूक असतो की अशा पडण्यात मोडू शकतो. इथल्या शेल्टरवाल्यांना विचार, ईस्टरनंतरच्या महिन्यांत त्यांच्याकडे नको झालेले ससे येतात. दुकानात दिसणारी पिवळी गोंडस पिल्लंही नकोत, त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबड्यांना, पिल्लांना हात लावू नये असं सीडीसी ही इथली सरकारी आरोग्य यंत्रणा स्पष्ट सांगते. तुझ्या घरी तर त्या दिवशी एक तीन वर्षांचा असणार. कापडाचा ससा आण, विषय संपला.

आता बास्केटचं. माझं माहेर वसईचं, कॅथलिक, पण लहानपणी मी ईस्टर बास्केट हा प्रकार पाहिलाच नव्हता. आमच्याकडे राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू व्हायचा तो चाळीस दिवस, आई मटण-मासळीला हात लावायची नाही, मग झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, आणि शनिवारी रात्री काळोखात मेणबत्त्या पेटवून मिस्सा. रविवारी सकाळी बेकरीतून आणलेलं मार्झिपॅनचं, म्हणजे सुक्या मेव्याच्या गोड लगद्याचं, अंडं मिळायचं, वर आयसिंगची फुलं आणि माझं नाव. एकच. ते मी चार-चार दिवस पुरवून खायचे, आधी फुलं, मग कड, नाव सगळ्यात शेवटी. इकडे पेनसिल्व्हेनियात आल्यावर माझ्या मुलांसाठी पहिली बास्केट भरली तेव्हा तुझ्यासारखंच झालं, खूप सामान घेतलं, भरपूर पैसे घातले, आणि मुलगा सगळं उपसून झाल्यावर म्हणाला, बस एवढंच? तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की त्याची चूक नव्हती, मी त्याला नुसतं सामान दिलं होतं आणि सामान कितीही असलं तरी संपतंच.

मग मी शोधलं की हे बास्केटचं आलं कुठून, आणि जे सापडलं त्याने माझी पद्धतच बदलली. जर्मनीत ईस्टरला ससा अंडी आणतो अशी जुनी समजूत, १६८२ सालच्या एका जर्मन डॉक्टरच्या लिखाणात तिचा उल्लेख आहे. अठराव्या शतकात जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले त्यांनी ती इकडे आणली, त्यांच्या बोलीत त्या सशाला ओश्टर हॉस म्हणायचे. ईस्टरच्या आदल्या दिवशी पोरं स्वतःच्या टोप्या घेऊन घरात, गोठ्यात, बागेत एखादा आडोसा बघून त्यात घरटं करायची, म्हणजे ससा रात्री येऊन त्यात रंगीत अंडी घालेल. त्या घरट्याचीच पुढे बास्केट झाली. बघ ना, घरटं मुलं करायची! मोठ्यांचं काम फक्त रात्री गुपचूप दोन-चार अंडी ठेवायचं. आता मात्र टोपलीपासून गवतापर्यंत सगळं आपणच विकत आणतो आणि मुलांच्या वाट्याला नुसतं फाडाफाडी करणं उरतं. म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, घरटं मुलांना करू दे, तू फक्त भर, आणि भर तेही थोडंसंच.

घरटं कसं करायचं हे तुझ्या सासूबाईंना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त चांगलं येतं. नवरात्रात मातीत गहू पेरतो आणि नऊ दिवसांत कसे दाट अंकुर येतात, ते त्यांनी आयुष्यभर केलंय. इथेही बरेच लोक ईस्टरच्या टोपलीत प्लॅस्टिकच्या गवताऐवजी गव्हाचं खरं गवत उगवतात, अगदी तसंच, फक्त उन्हाच्या खिडकीत ठेवतात म्हणून ते हिरवंगार येतं. इंडियन ग्रोसरीत आख्खे गहू मिळतात ते आण, दलिया नको, तो उगवत नाही. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे बुधवारी २५ मार्चला रात्री गहू भिजत घाल, गुरुवारी सकाळी पाणी काढ, टोपलीत आतून जाड प्लॅस्टिक अंथर किंवा एखादा उथळ डबाच बसव, दोन बोटं माती, वर गहू एकमेकांना चिकटून असे दाट पसर, ओलं फडकं झाक. दोन दिवसांनी मोड वर आले की फडकं काढून खिडकीत ठेव. पाणी रोज फक्त शिंपडायचं, ओतलं तर बुरशी येते. दहा दिवसांत टोपली गवताने भरते. तिन्ही मुलांच्या तीन टोपल्या कर, जावेला आत्ताच फोन करून सांग, तिच्या मुलाची टोपली त्याने त्याच्या घरी पेरावी.

आणि सासूबाईंना हे करायला सांगताना घट म्हणू नकोस हं, त्यांच्यासाठी घट ही देवीची पूजा आहे, ती त्यांना ईस्टरच्या टोपलीत मिसळलेली आवडणार नाही आणि ते बरोबरच आहे. "आई, मुलांना गहू उगवून दाखवता का" एवढंच म्हण. मला खात्री आहे, चौथ्या दिवशी नातवंडांपेक्षा त्याच आधी खिडकीशी जाऊन बघतील. हा आपला सण नाही असं त्या म्हणतात त्यात खोटं काही नाही. तो तुमचा सण नाही, शेजाऱ्यांचा आहे, आणि शेजाऱ्यांच्या सणाला बोलावणं आलं की आपण हात हलवत जात नाही एवढंच. सांगलीत ईदला शेजारून शीरखुर्मा यायचा तेव्हा त्याच वाटीतून काही ना काही परत जायचंच की.

तारखेचंही त्यांना सांग, त्यांना गंमत वाटेल. ईस्टर दर वर्षी हलतो कारण तो चंद्रावर ठरतो, २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार. यंदा ती चैत्र पौर्णिमा, म्हणजे २ एप्रिलला हनुमान जयंती आणि रविवारी ईस्टर. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, होळीच्या पौर्णिमेनंतर.

मुलीला काय सांगायचं ते तू विचारलं नाहीस, पण ती विचारणार आहे, सात वर्षांची आहे. गोलगोल न बोलता खरं सांग. येशूला क्रूसावर मारलं, तिसऱ्या दिवशी तो परत जिवंत झाला असं ख्रिस्ती लोक मानतात, त्या आनंदाचा हा सण आहे. अंडं का, तर बाहेरून दगडासारखं गप्प आणि आतून जीव बाहेर येतो म्हणून. दुसरंही एक साधं कारण आहे, जुन्या काळी युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी वर्ज्य असायची, कोंबड्यांना काय त्याचं, त्या अंडी घालतच राहायच्या, मग साठलेली अंडी ईस्टरला निघायची. आणि गव्हाचं म्हणशील तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः गव्हाच्या दाण्याचा दाखला देतो, जमिनीत पडून मरतो तोच दाणा भरपूर पीक देतो असा. मला हे गव्हाचं गवत आवडतं ते त्यासाठीच. तुझ्या लेकीला हे कळण्यासाठी ख्रिस्ती असायची गरज नाही, दाणा पेरून दहा दिवस वाट बघितली की पोरांना आपोआप कळतं.

टोपली विकत आणू नकोस. घरात ओटीची नाहीतर रुखवताची एखादी दुरडी पडली असेल ती चालेल, धाकट्याला पावसाळी गमबूट लागणार असतीलच तर तेच त्याची बास्केट, डाव्यात एक वस्तू आणि उजव्यात एक, किंवा वाळूत खेळायची बादली, किंवा उन्हाळ्याची टोपी, जुन्या पोरांसारखी. गहू वेगळ्या डब्यात असला तरी चालतो. अस्तराला एखादा खणाचा तुकडा, जुन्या साडीचा पदर. फक्त ते चमचमतं प्लॅस्टिकचं गवत घरात आणू नकोस. आमच्या मनीने एका वर्षी ते खाल्लं, मांजरांना अशा लांब धाग्यांचं वेड असतं, ते आतड्यात अडकलं आणि ऑपरेशन करावं लागलं, आठवडाभर मुलगी तिच्याजवळून उठली नव्हती. तुझ्याकडे नसेल, पण त्या पोलिश आजींकडे मांजर असेल तर ईस्टरची पांढरी लिलीसुद्धा भेट म्हणून नेऊ नकोस, तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते. गव्हाचं गवत मात्र मांजर खुशाल खाऊ दे.

आता भरायचं काय. माझा हिशोब असा, खायचं एक, हाताने करायचं एक, घराबाहेर पळवणारं एक, आणि तू लिहिलेली चिठ्ठी. संपलं. तू ३५ डॉलर घातलेस, त्याच्या निम्म्याच्या आतच हे सगळं होतं आणि आत वस्तू ठेवायची प्लॅस्टिकची अंडी तर एकदा घेतली की दहा वर्षं चालतात.

सात वर्षांचीसाठी मी काय करेन सांगते. तिला मराठी वाचता येतं का? येत असेल किंवा आत्ता शिकत असेल तर बारा प्लॅस्टिकच्या अंड्यांत एकेक अक्षर घाल, सगळी शोधून जुळवली की "जिन्याखाली कोपऱ्यात नीट बघ" किंवा तसं काहीतरी व्हायला हवं आणि तिथे तिची टोपली. नाहीतर २४ तुकड्यांचं एक पझल घे आणि दोन-दोन तुकडे एकेका अंड्यात, शेवटचं अंडं सापडेपर्यंत चित्र पुरं होत नाही म्हणून ती स्वतःच शोधत राहते, गोळ्यांपेक्षा हे जास्त चालतं, माझ्या दोन्ही मुलांवर करून बघितलंय. टोपलीत दोरीउड्यांची दोरी किंवा एक बऱ्यापैकी भिंग ठेव, एप्रिलमध्ये इथे जमिनीतून काय काय वर येत असतं, ती तासभर बाहेर राहील. आणि पाच गुळगुळीत सागरगोटे, नसतील तर खडे, पण खेळायला शिकवणार आजी. ही वस्तू पैशाने मिळत नाही आणि सासूबाई परत सांगलीला गेल्यावरही उरते. फक्त धाकट्याच्या हाती लागू देऊ नकोस.

धाकट्याचं वेगळं आहे, त्याच्या बाबतीत काय द्यायचं त्यापेक्षा काय द्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. टॉयलेट पेपरची आतली पुठ्ठ्याची नळी घे, जी वस्तू त्यातून आरपार जाते ती तीन वर्षांच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं समज. जेली बीन्स, कडक गोळ्या, छोटी गोल चॉकलेटची अंडी, आख्खी द्राक्षं, सगळं त्यात बसतं, आणि चार वर्षांखालच्या मुलांना हे देऊच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. एग हंटमध्ये दुसऱ्यांची अंडी त्याच्या हाती लागतातच, म्हणून पोलिश आजींना आधीच बोलून ठेव, लाजू नकोस. शिवाय पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत मणी, वॉटर बीड्स म्हणतात ते, ईस्टरच्या खेळण्यांबरोबर कुठे दिसले तर मुळीच घेऊ नकोस, गिळले तर पोटात फुगून आतडं बंद करतात. तशीच बटण सेलवर चालणारी, लुकलुकणारी स्वस्त अंडी, ज्यांचं झाकण स्क्रूचं नाही. त्याला फुटपाथवर रंगवायचे जाड खडू दे, साबणाचे फुगे दे, कणकेसारखा रंगीत गोळा घरीच मळून दे, तीन वर्षांच्या मुलाला फुगे आणि उघडं आकाश एवढ्यावर स्वर्ग मिळतो. त्याच्या अंड्यांत स्टिकर घाल, एकात मोजा घाल, हो, पायातला मोजा, दुसऱ्यात त्याचा जोडीदार. इतका हसेल तो.

खायचं एकच म्हटलं ते का, तर अमेरिकन हार्ट असोसिएशन दोन वर्षांवरच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी वरची साखर म्हणते आणि ५० ग्रॅमच्या छोट्याशा मिल्क चॉकलेटच्या सशात साधारण तेवढी असतेच. मग एकच घ्यायचा तर बरा घे. आणि लेबल वाच, तू शाकाहारी आहेस म्हणून मुद्दाम सांगते, ते पिवळे-गुलाबी मार्शमेलोचे पिल्लू, पीप्स, त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेलं, बाकी मार्शमेलो आणि बऱ्याच गमीजमध्येही तेच. जेली बीन्सवर कन्फेक्शनर्स ग्लेझ लिहिलेलं दिसलं तर ती लाख, बांगड्यांची असते तीच, किड्यापासून येणारी. चालवून घ्यायचं की नाही हे तुझं तू ठरव, पण सासूबाईंना न सांगता त्यांच्या हातात देऊ नकोस.

जावेच्या मुलाचं मी इतक्या उशिरा सांगतेय पण तू ते सगळ्यात आधी कर. त्याची आई जे चॉकलेट नेहमी त्याला देते तेच सशाच्या आकारात मिळालं म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस, सणाच्या आकारांचा माल कधीकधी वेगळ्या मशीनवर होतो आणि त्याचं लेबल वेगळं असतं. पाकिटावर "असू शकतं" ही सूचना छापणं इथे कंपन्यांच्या मर्जीवर आहे, म्हणजे सूचना नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. सुट्टी चॉकलेटं तर नकोतच, वेष्टनावर काहीच लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं, त्या दिवशी अंड्यांत खाण्याचं काहीच घालू नये, कुणाच्याच. एका मुलाला बाजूला काढून "तुझं वेगळं" म्हणण्यापेक्षा सगळ्यांच्या अंड्यांत स्टिकर, खडू, पझलचे तुकडे, आणि खाऊ नंतर ज्याच्या त्याच्या टोपलीत, ज्याच्या त्याच्या आईने निवडलेला. पाडव्याच्या साखरेच्या गाठी उरल्या असतील तर दोन्ही मोठ्या मुलांना त्यातला तुकडा द्यायला हरकत नाही, नुसती साखर असते, पण पाकीट बघूनच. आणि त्याच्या औषधाचं इंजेक्शन आईच्या पर्समध्ये आहे ना हे विचारायला विसरू नकोस, पर्स गाडीत आणि मुलं अंगणात असं व्हायला नको.

घरी अंडी लपवशील तेव्हा प्रत्येक मुलाला रंग ठरवून दे. लेकीची निळी बारा, जावेच्या मुलाची हिरवी बारा, धाकट्याची पिवळी दहा आणि तीही समोर दिसतील अशी ठेवलेली. नाहीतर सात वर्षांची पाच मिनिटांत अख्खं अंगण साफ करते आणि बाकीचे दोघं रडत बसतात, हे दर वर्षी दर घरी होतं. कुठे काय लपवलं ते कागदावर लिहून ठेव.

अंड्यांचंच म्हणशील तर तुमच्या घरात अंडं नको, काही बिघडत नाही. क्राफ्टच्या दुकानात रंग न दिलेली लाकडी अंडी मिळतात. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर १८७८ पासून ईस्टर सोमवारी मुलांचा अंडी घरंगळवायचा खेळ होतो, तिथेसुद्धा मुलांना आठवण म्हणून लाकडाचंच अंडं देतात. ती रंगवायला हळद घे. हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे सासूबाईंना माहीतच आहे, तेच मुलांना करून दाखवायचं, लाकडावर किंवा जाड कागदाच्या अंड्यावर हळदीचं पाणी लावून वाळवायचं, मग कापसाच्या काडीने खायच्या सोड्याचं पाणी घेऊन त्यावर लिहायचं. पिवळ्यावर तांबडी अक्षरं उमटतात. माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका दुपारी तिने अशी चाळीस कागदी अंडी केली होती, सगळ्या शेजाऱ्यांच्या पत्रपेट्यांत टाकून आली. जुने कपडे घाल, हळद निघत नाही.

बनी, म्हणजे अंडी आणणारा तो ईस्टरचा ससा, खरा आहे का हा प्रश्न येणार. तीन वर्षांच्याला काही सांगू नकोस, त्याला पडणारच नाही. लेकीने विचारलं तर आधी तिलाच विचार, तुला काय वाटतं? तिला खरं कळलेलं असेल तर तिला तुझ्या बाजूला घे, शनिवारी रात्री भावाची अंडी ठेवायला तिला सोबत घे. गुपित सांभाळणारी मोठी बहीण होणं हे बास्केट मिळण्यापेक्षा फार मोठं वाटतं त्या वयात. आणि शाळेत कुणी म्हणालं की त्याला बनीने सायकल दिली, तर "आपल्याकडे बनी छोट्या गोष्टी ठेवतो" एवढं एक वाक्य पुरतं, आवाज न चढवता, आणि दर वर्षी तेच.

चिठ्ठी मात्र टाळू नकोस. दोन-तीन ओळीच, पण त्या मुलाबद्दलच्या, या वर्षात तू काय पाहिलंस ते. "पहिल्यांदा बुटाची नाडी स्वतः बांधलीस" असं काहीतरी. धाकट्याची तू वाचून दाखव आणि मग जपून ठेव. माझ्या मुलाच्या कॉलेजच्या खोलीत खेळण्यातलं काहीही गेलं नाही, चिठ्ठ्यांचा डबा गेला.

आणि आता त्या पोलिश आजी. त्यांच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चर्चमध्ये टोपली घेऊन जायची पद्धत असते, श्फ्येन्त्सोंका म्हणतात. त्यात उकडलेली रंगीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिश, लोण्याचं छोटं कोकरू, वर भरतकाम केलेलं पांढरं कापड, आणि फादर येऊन सगळ्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मग ते अन्न रविवारी सकाळी घरी सगळे मिळून खातात. त्यांना विचार, तुम्ही करता का, आणि करत असतील तर आम्हाला बघायला येऊ द्याल का. म्हाताऱ्या माणसाला असं कुणी विचारलं की काय वाटतं ते मी पाहिलंय, आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी असंच विचारल्यावर मुलांना कोकरू करायचा लाकडी साचाच दाखवायला काढला होता. तुझ्या लेकीने त्यांची ती टोपली पाहिली की बास्केट म्हणजे काय हे तिला कुठल्याही दुकानापेक्षा जास्त चांगलं कळेल.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस आणि महागाचंही काही नेऊ नकोस. पोलिश घरांत अंडी कांद्याच्या सालांत उकळून रंगवतात, छान विटकरी-तांबूस रंग येतो, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे सालं साठवावी लागतात कारण त्यांच्या स्वयंपाकात कांदा तो किती लागणार. आपल्याकडे रोज चार-पाच चिरतोच. तेव्हा आजपासून पिवळ्या आणि लाल कांद्याची सुकी सालं टाकू नकोस, दोन वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत जमव, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरतात, आणि गुड फ्रायडेच्या आधी मुलांच्या हाताने त्यांच्या दारात नेऊन दे.